आईच्या आरशात तू कुठे आहेस?

(पत्र थोडक्यात : वाचक ३६ वर्षांची, आई निवृत्त मुख्याध्यापिका. लेकीला बढती मिळाली की "वळण माझं". लेक तापाने फणफणली की आईचंच बीपी वाढतं. रील्स पाहून आई 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेली, असल्याची खात्री पटली आहे. तसं तिला तोंडावर सांगू का, असा प्रश्न.)

नको सांगूस. मी वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत बोलते. हा शब्द ऐकून आई विचारात पडणार नाही. "चांगले पांग फेडलेस" म्हणेल आणि संध्याकाळपर्यंत मावशीला फोन जाईल. शिवाय निदान रीलवरून होत नसतं.

पत्रात तू ओझरतं लिहिलंयस, की आई चौथी मुलगी, 'पुन्हा मुलगीच' म्हणून मामाकडे वाढली. मी तिथेच थबकले. शिकागोचे मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट यांनी १९७१ साली मांडलं, की आपल्याला पाहून आईचा चेहरा उजळतो, त्यातून मुलाला आपण कोणीतरी आहोत हे कळतं. ते वाट्याला आलं नाही, तर माणूस मोठेपणीही दुसऱ्यांच्या डोळ्यांत तेच शोधत राहतो. तुझी आई ते तुझ्या डोळ्यांत शोधते. दुसरे मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्ग इतके मवाळ नव्हते. अशा माणसाच्या मोठेपणा मिरवण्याच्या आड त्यांना राग आणि मत्सर दिसायचा. (तुझ्या बढतीच्या दिवशी आई जेवली नाही, ते वाचून मला कर्नबर्ग पटले.)

पण आईचं दुःख कळलं म्हणून तिचे टोमणे ऐकून घ्यायलाच हवेत असं नाही. रोज तासभर चालणारा फोन वीस मिनिटांवर आण. ती रुसेल. रुसू दे.

ग्रीक कथेत स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडलेल्या नार्सिससच्या मागे एको नावाची अप्सरा होती. तिला स्वतःचं बोलता येत नसे, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येत. तुझं पत्र चार पानी आहे. त्यात तुझ्याबद्दल एकच ओळ, आईला न सांगता लावलेल्या मातीकामाच्या क्लासची.

म्हणून थेरपिस्टकडे तू जा, आईसाठी नाही, स्वतःसाठी. तिथेही तू त्यांचा चेहरा वाचून त्यांना आवडेल तेच बोलायला लागशील. तसं झालं की तिथल्या तिथे सांगून टाक. खरं काम तिथूनच सुरू होतं.

आणि क्लासमध्ये काय बनवलंस ते मला कळव. आईला ते कसं वाटलं असतं, हे मात्र लिहू नकोस.