पुरात भिजलेली पद्मिनी आणि दिवंगत मालकाची सही

प्रश्न : मी साखळीचा. दोन महिन्यांपूर्वी म्हादईकाठच्या एका गावातून १९७८ ची प्रीमियर पद्मिनी १ लाख ४० हजारांना घेतली. गाडी विकणाऱ्याच्या वडिलांची. ते २०२२ मध्ये वारले, आरसी (नोंदणीपत्र) अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी हयातीत सही करून ठेवलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे कोरे फॉर्म २९ आणि ३० मला मिळाले. एजंट म्हणतो, तारीख घालून देऊन टाकू. पुराचं पाणी लागलं होतं का, असं मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. 'नाही, गाडी उंचावर होती' असं उत्तर आलं. गॅरेजमध्ये उघडली तर गालिच्याखाली आणि दरवाज्यांत वाळलेला गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. आता विकणाऱ्याची बहीण फोन करून सांगते की गाडीत तिचाही हिस्सा आहे. आई हयात आहे. माझ्या वडिलांकडे अशीच गाडी होती, म्हणून ती सोडायची नाही. काय करू?

उत्तर : आधी गॅरेजला फोन करा आणि काम थांबवा. गाळ पुसू नका, काही कापू नका, रंग खरवडू नका. इंजिनही चालू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग ते नुकसान पुराचं की तुमचं, हा वाद वाढतो.

तुम्हाला गाळाची काळजी वाटते. मला त्या कोऱ्या फॉर्मची वाटते. माणूस वारल्यानंतर त्याच्या सहीवर आजची तारीख घालून कागद सरकारी कार्यालयात देणं म्हणजे खोटा दस्तऐवज करून तो खरा म्हणून वापरणं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३३६ आणि ३४० नेमकी यासाठीच आहेत. एजंट बाजूला होईल, अर्जदार म्हणून नाव तुमचं राहील. बहीण आधीच नाराज आहे, वडिलांचा मृत्यूचा दाखला तिच्या घरात आहे. ते फॉर्म वापरू नका आणि फाडूही नका. पाकिटात घालून जपून ठेवा.

आता गाडी कोणाची, ते पाहू. गोव्यात हा प्रश्न बाकी देशापेक्षा वेगळा सुटतो. लग्नापूर्वी वेगळा करार झालेला नसेल, तर आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. म्हणजे आरसीवर वडिलांचं नाव असलं तरी अर्धी गाडी आईची. उरलेली अर्धी मुलग्यांत आणि मुलींत सारखी. मुलीचं लग्न याच पद्धतीचं असेल तर तिला मिळालेल्या हिश्शात तिच्या नवऱ्याचाही भाग येतो, म्हणून जावयाची आणि सुनेची सही मागणं हा फाजीलपणा नाही. मुलग्याने एकट्याने गाडी विकली तेव्हा तो दुसऱ्यांच्या वाट्याचाही सौदा करत होता.

१९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १४ सांगतं की विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे, ही प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली अट आहे. तुमचं सगळ्यांत भक्कम शस्त्र हे आहे. पुराचा मुद्दा त्याच्या मागे उभा राहतो. समोरचा वकील कलम २८ पुढे करील : सहमालकांच्या परवानगीने एकाच्या ताब्यात असलेली वस्तू त्याने विकली आणि घेणाऱ्याने ती प्रामाणिकपणे, इतरांच्या हक्काची कल्पना नसताना घेतली, तर मालकी मिळते. पण बहीण परवानगी नाकारते आहे, आणि तुम्ही आरसीवर मयताचं नाव पाहून पैसे दिलेत. या कलमावर विसंबून राहू नका.

गाडी ठेवायची आहे, तर भांडणाआधी त्या घरी जा. आईला भेटा. तुमचा तिच्याशी वाद नाही, आणि तिला एक गोष्ट कोणी सांगितलेली नसणार : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. वडिलांचं नाव आरसीवर आहे तोवर रस्त्यावर काही घडलं तर नोटीस त्यांच्या दारात येणार. सह्या देण्यात तिचंही हित आहे.

सह्या मिळाल्या तर रस्ता असा. विशेष नोटरीसमोर, म्हणजे आपल्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रारकडे, सक्सेशन डीड करून वारस ठरवून घ्या. एवढ्या किमतीच्या गाडीपायी इन्व्हेंटरीचा, म्हणजे न्यायालयामार्फत वाटणीचा, दावा लावायची गरज नाही, घरच्यांत एकमत हवं. मग फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर, आणि त्यानंतर वारसाच्या जिवंत सहीने फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. आरसीची मुदतही पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षांची. ती संपली असेल तर फॉर्म २५ वर नूतनीकरण लागेल, आणि तपासणीसाठी गाडी उभी राहील इतकी तरी दुरुस्त व्हायला हवी. २०२१ च्या पुरानंतर कोणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घेतली नाही ना, हे वाहन पोर्टलवर आजच पाहा. रद्द झालेली असेल तर खर्चाचा एक रुपयाही घालू नका, आधी मला कळवा.

आता गाळ. विकणारा नुसता गप्प राहिला असता, तर करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद आडवा आला असता : साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, मग तक्रार कसली? गालिचा उचलून पाहायला तुम्हाला कोणी अडवलं नव्हतं. पण तुम्ही सरळ विचारलंत आणि त्याने खोटं लिहून दिलं. कलम १७ खाली ती फसवणूक आहे आणि तिथे हा अपवाद चालत नाही. तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका. न्यायालयात त्याच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागेल.

गाळाचे, रेघेचे, फ्लोअरपॅनचे फोटो काढा. परवानाधारक सर्व्हेअरकडून अहवाल घ्या. पद्मिनीला वेगळी चौकट नाही, बॉडी हीच तिची चॅसिस. तळाचे पत्रे आणि कडा आतून कुजल्या असतील तर खर्च तिथेच होतो, आणि किंमत कमी करून मागताना आकडा तिथूनच निघतो. गाडी ठेवूनही नुकसानभरपाई मागता येते. माल विक्री कायद्याची कलमं १३ आणि ५९ तशी मुभा देतात. मात्र काम पुढे रेटलंत तर सौदा मोडून पूर्ण पैसे परत मागायचा मार्ग जवळजवळ बंद होईल, कारण गाडी स्वीकारली असाच त्याचा अर्थ लागेल. ग्राहक आयोग इथे कामाचा नाही; विकणारा व्यापारी नव्हता. सह्याही नाहीत आणि पैसेही नाहीत, असं झालं तर १५ दिवसांची नोटीस आणि मग दिवाणी दावा. मुदत ३ वर्षांची आहे.

दुरुस्ती सुरू होईल तेव्हा चॅसिस नंबरचा पत्रा कापू देऊ नका, वेल्डिंग किंवा ग्राइंडर त्याच्या जवळ नको. मूळ १०८९ सीसीचं इंजिन गेलंच तर त्याच जातीचं शोधा आणि बदलल्यापासून १४ दिवसांत नोंद करा. डिझेल इंजिन बसवून घेऊ नका : बदल मान्य होणार नाही, गाडीचं मोलही जाईल.

व्हिंटेज नोंदणी बहुतेकांच्या मनात असते, म्हणून लिहितो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत, म्हणजे तुमची १९७८ ची गाडी २०२८ मध्ये पात्र होईल. पण ती नोंदणी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणू देते. तुम्हाला वडिलांच्या आठवणीत रविवारी म्हार्दोळला देवदर्शनाला जायचं असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

आरसीची दोन्ही बाजूंची प्रत आणि पैसे दिल्याचा पुरावा पाठवा. आईची भेट झाली की तिचं म्हणणंही कळवा. सह्यांचा मसुदा मी तयार करून देतो.