लघुउद्योगाने हिशेब संगणकावर आणल्यास खेळते भांडवल मिळणे खरोखर सोपे होते का?

होते, मात्र केवळ संगणक घेतल्याने नव्हे. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपची खरी अडचण अडकलेल्या बिलांची असते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले, तरी ऑर्डर हातची जाईल या धास्तीने मालक तक्रार करत नाही, आणि ही धास्ती मला अगदी रास्त वाटते. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील ‘ट्रेड्स’ या, बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर बिल चढवता येते. खरेदीदाराने ते मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, विक्रेत्याला आगाऊ पैसे देण्याबद्दल बँक कापते ती रक्कम वजा जाता बाकीचे पैसे लवकर मिळतात आणि पुढे खरेदीदाराने पैसे थकवले तरी वसुलीचा तगादा विक्रेत्यामागे लागत नाही.

यासाठी खरेदीदारही त्या मंचावर असावा लागतो. तो नसेल तर हा मार्ग बंदच. शिवाय मालासोबत पाठवलेल्या चलानावर १०० नग, गोदामाच्या पोचपावतीवर ९६ आणि बिलात पुन्हा १०० असे असेल, तर बिल तिथेच अडते. म्हणून सुरुवात महागड्या सॉफ्टवेअरने न करता, माल उतरताक्षणी पोचपावतीचा आकडा बिलाशी जुळवण्यापासून करावी.