आईसोबत मुंबईत पायी देवदर्शन: बाणगंगा ते सिद्धिविनायक

श्रावणात सत्तरीच्या आईला घेऊन मुंबईतली मोठी देवळं एका दिवसात पायी होतील का, असं तुम्ही विचारलंय. नक्की होतील. मी आत्याबरोबर दर श्रावणात वाळकेश्वरहून प्रभादेवीपर्यंत चालते. अंतर दहा-अकरा किलोमीटर भरतं.

सुरुवात वाळकेश्वरच्या बाणगंगा कुंडापासूनच करा. बाबुलनाथच्या पायऱ्या पाय ताजे असताना चढून होतात, आणि शेवटी घरी जायला दादर किंवा प्रभादेवी स्टेशन जवळ पडतं. रामाने बाण मारून बाणगंगेचं गोडं पाणी काढलं आणि वाळूचं लिंग करून पुजलं, अशी कथा आहे. १७१५ मध्ये रामा कामती यांनी वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. सकाळी लवकर गेलात तर दीपस्तंभांपाशी फारसं कोणी नसतं. पावसात कुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे आईचा हात सोडू नका.

तीनबत्तीवरून उतरून चौपाटी, मग बाबुलनाथ. वर जायला लिफ्ट आहे. आई नको म्हणाली तरी उतरताना तरी घ्या, गुडघे उतरतानाच बोलतात. श्रावणी सोमवारी इथे आणि मंगळवारी सिद्धिविनायकाला रांगेतच दिवस जातो. बुधवार बरा.

केम्प्स कॉर्नरवरून वॉर्डन रोडने महालक्ष्मी. वरळीची खाडी बुजवताना बांध टिकेना, तेव्हा देवी रामजी शिवजी या पाठारे प्रभू इंजिनियरच्या स्वप्नात आली. समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, असं सांगतात. आत्या इथे ओटी भरते. खण, नारळ घरूनच आणलेला असतो, कमळ मात्र दारातल्या फुलवालीकडून. चार कमळं हातात घेऊन देठ दाबून बघेल, तेव्हा एक घेईल. मी घाई करत नाही. माझ्या मते पायी यात्रेत सोबतीचा अर्थच हा: जो हळू चालतो त्याच्या चालीने दोघांनी चालायचं. तुम्ही दहा पावलं पुढे जाऊन वाट बघत उभे राहिलात, तर आई पोचल्या पोचल्या तुम्ही परत निघता. तिला विसावा मिळतच नाही.

हाजी अलीपासून वरळी नाका आणि पुढे सेंच्युरी बाजार हा पट्टा लांब आणि रखरखीत. इथे आई थकली तर सरळ टॅक्सी करा. निघण्याआधीच तिला सांगून ठेवा की टॅक्सी केली म्हणून यात्रा मोडत नाही, नाहीतर ती दुखणं अंगावर काढेल.

प्रभादेवीचं दर्शन घेऊन मग सिद्धिविनायक. दुपारी नैवेद्याच्या वेळी दर्शन थोडं थांबतं, ती वेळ टाळा. १९ नोव्हेंबर १८०१ ला प्रतिष्ठापना झालेलं हे देऊळ देउबाई पाटील यांच्या पैशातून लक्ष्मण विठू यांनी बांधलं. देउबाईंना मूल नव्हतं. इथे येणाऱ्या दुसऱ्या बायकांची कूस उजवावी, अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. आत्यालाही मूल नाही. रांगेत मागेपुढे एखादी नवी सून दिसली की ती आवर्जून देउबाईंची गोष्ट सांगते.

आईला उपास असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी पिशवीत ठेवा. काढ-घाल करायला सोप्या चपला हव्यात, आणि कोरडा पंचा विसरू नका. प्रत्येक देवळातून बाहेर आल्यावर पाय पुसले की भिजल्या चपलांनी सोलवटत नाहीत.