पाठ असलेल्या विनोदाला पुन्हा हसू का येते?

प्रश्न : पणजीला महाविद्यालयात शिकत असताना, 2009 साली, न्यूझीलंडच्या 'फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्स' या विनोदी गाणी गाणाऱ्या जोडीची दूरचित्रवाणी मालिका मी मैत्रिणीच्या संगणकावर पाहिली आणि तेव्हापासून ब्रेट मॅकेन्झी व जेमेन क्लेमंट यांची गाणी मला शब्दन् शब्द पाठ आहेत. 2018 मध्ये त्यांचा ब्रिटनचा दौरा ठरला. माझा भाऊ स्विंडनला राहतो, म्हणून त्याच्याकडून तिकिटे काढून घेतली. मार्चमध्ये मॅकेन्झी जिन्यावरून पडले, त्यांच्या हाताची हाडे मोडली आणि प्रयोग पुढे गेले. मला विमानाचे तिकीट बदलावे लागले, पण जूनमध्ये लंडनच्या सभागृहात मी अखेर जाऊन बसले. ते दोघे गिटार घेऊन आले, स्टुलांवर बसले, आणि चेलो वाजवणाऱ्या एकट्या सोबत्याची ओळख त्यांनी 'न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्रा' अशी करून दिली. हा विनोद मला वर्षानुवर्षे माहीत होता, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हसले. घरी पेडण्याला परतल्यावर आईने विचारले, "पाठ असलेले विनोद ऐकायला एवढ्या लांब गेलीस होय गो?" मला उत्तर देता आले नाही. त्याच दौऱ्याचे चित्रीकरण मी नंतर पाहिले, तेव्हा तसे हसूही आले नाही. असे का व्हावे? आणि पुन्हा संधी आली, तर गाणी आधी ऐकून जावे की नाही?

— एक वाचक, पेडणे

उत्तर : आपल्या आईंचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर पेडण्यातच आहे असे मला वाटते. आपल्या भागात जत्रेला दशावतारी काला, म्हणजे विष्णूच्या अवतारांवरचे लोकनाट्य, होतो. त्यात काळा पेहराव केलेला आणि तोंडावर काळा बुरखा घेतलेला संकासूर राक्षस येतो, भटजींशी हुज्जत घालतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हे सारे मांडावर बसलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असते. तरीही तो आला की लोक सरसावून बसतात, कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संकासूर काय करणार हे माहीत असते, पण आज कोणाकडे पाहून, किती वेळ थांबून, गावातल्या कोणत्या गोष्टीचा चिमटा काढून करणार, हे माहीत नसते. हसू त्या न कळलेल्या भागातून येते. आपल्या आई वर्षानुवर्षे काल्याला जात असतील, तर आपण लंडनला का गेलात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळेल.

कॉनकॉर्ड्सचे बळही नेमके इथेच आहे. 1998 साली वेलिंग्टनमध्ये सुरू झालेली ही जोडी मालिकेमुळे जगभर पोचली आणि 2008 मध्ये तिला विनोदी अल्बमचे ग्रॅमीही मिळाले. पण तिची घडण एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवासारख्या ठिकाणी, समोर बसलेल्या माणसांपुढे झाली. दोन गाण्यांच्या मध्ये ते दौऱ्यावरची एखादी क्षुल्लक घटना अतिशय गंभीरपणे सांगत बसतात. त्यातले वाक्य संपल्यावर जी शांतता पसरते, ती त्यांच्या विनोदाचा अर्धा भाग आहे. सभागृहात ती शांतता आपण हजारो जणांबरोबर श्वास रोखून सांभाळत असता, आणि कोणीतरी पहिले हसेपर्यंत ती आपलीही जबाबदारी असते. पडद्यावर मात्र कॅमेरा कोणाच्या चेहऱ्याकडे कधी वळवायचा हे दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते, त्यामुळे थांबण्याचा ताण आपल्यापर्यंत पोचतच नाही. चित्रीकरण वाईट आहे असे नाही. मी ते आवडीने पाहिले आहे. मध्ययुगीन प्रेमगीताची नक्कल करताना ते दोघे रेकॉर्डर नावाच्या बासऱ्या ओठांना लावतात, तो भाग मी तीनदा पाहिला. गंमत अशी की ते वादन बऱ्यापैकी सुरेल आहे, आणि सुरेल आहे म्हणूनच हसू येते. बेसूर वाजवले असते, तर ती केवळ थट्टा झाली असती.

ही गोष्ट गोमंतकीयांना नवी वाटू नये. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला, आणि आजही दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मध्ये कथानकाशी संबंध नसलेली कांतारां, म्हणजे गाणी, गायली जातात. त्यांतली विनोदी कांतारां मडगावच्या रवींद्र भवनात एकदा पुढच्या रांगेत बसून ऐकावीत, असा माझा आग्रह आहे. रंगमंचाशी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स घेऊन बसलेले वादक गायकाच्या प्रत्येक टोमण्याची वाट पाहत असतात, आणि टोमणा पडताच ड्रमवर अशी एक थाप पडते की हसू तिच्यावर येऊन फुटते. लोकांनी दाद दिली की गायक परत येतो, तेव्हा आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर' आठवतो. वाद्यवृंदाच्या साथीने गंभीर चेहऱ्याने हसवण्याची ही विद्या आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे जिवंत आहे. मराठी वाचकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. जुनी गाणी जरूर ऐकून जावे, कारण पाठ असलेल्या ओळीत कलाकाराने एक शब्द बदलला तरी आपल्या लक्षात येतो, आणि तो बदल त्या रात्रीपुरता आपल्यासाठीच असतो. नवी गाणी मात्र ऐकून जाऊ नये. त्यांची पहिली भेट सभागृहातच होऊ द्यावी. मोबाइलवर चित्रण करण्याचा मोहही टाळावा, कारण हात उंचावून धरलेला माणूस मोकळेपणी हसू शकत नाही, आणि त्याच्या मागे बसलेल्यालाही काही दिसत नाही.

यंदाच्या जत्रेत आईंच्या शेजारी बसून काला पाहा. संकासूर येण्याच्या थोडे आधी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा आणि मग त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारा. त्यांनी काय उत्तर दिले, ते आम्हाला अवश्य कळवावे.