माहेरच्या सातबाऱ्यावर नाव, आणि लेस्टरमधला हिवाळा

प्रश्न : मी 76 वर्षांची आहे. 1973 साली लग्न होऊन लेस्टरला आले, आता ब्रिटिश नागरिक आहे. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नोंदीवर मला आठवड्याला 176.45 पौंड स्टेट पेन्शन मिळते, दुसरं उत्पन्न नाही. राहतं घर स्वतःचं आहे. इथल्या बँकेत चार हजार पौंड आणि सांगलीच्या बँकेत नऊ लाखांची एफडी आहे. वडील गेल्यावर माहेरचं घर आणि दोन एकर जिरायत यांवर भावाबरोबर माझंही नाव लागलं. घरात भाऊ (वय 71) राहतो, शेतीही तोच बघतो. मी कधी एक रुपया घेतला नाही. गेल्या वर्षी हिवाळ्याचे पैसे आले नाहीत, यंदा दोनशे पौंड जमा झाले. ओळखीच्या एकांनी सांगितलं, जमीन नावावर असेल तर ते परत करावे लागतात, आणि पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती भर) हवं असेल तर आधी भावाला हक्कसोड लिहून द्या. जानेवारीत तीन महिन्यांसाठी गावी जाणार आहे. तेव्हा सही करून येऊ का? सध्या हीटर संध्याकाळी दोनच तास लावते.

उत्तर : काकू, आधी सहीचं बोलते. हक्कसोडपत्रावर सही करू नका. भावाला हिस्सा द्यायचाच असेल तर तो तुमचा आणि त्याचा प्रश्न, पण पेन्शन क्रेडिट मिळावं म्हणून तो सोडलात तर इथला कायदा तो हिस्सा अजून तुमच्याकडेच आहे असं धरून हिशेब करतो. म्हणजे गावचं नावही जाईल आणि इथे फायदाही होणार नाही. हा सल्ला देणारी माणसं मनाने चांगली असतात, पण त्यामुळे झालेलं नुकसान मी माझ्या टेबलावर बऱ्याचदा पाहिलं आहे.

आता ते दोनशे पौंड. हे विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या खर्चासाठी सरकार पेन्शनरांना देतं ते, 1997 पासून चालत आलेलं. 80 च्या आतल्या एकट्या माणसाला 200 आणि 80 च्या पुढे 300 पौंड. 2024 च्या जुलैमध्ये सरकारने ते पेन्शन क्रेडिट आणि तशाच काही बेनिफिट्स घेणाऱ्यांपुरतं ठेवलं, म्हणून गेल्या हिवाळ्यात तुम्हाला आलं नाही. मोठी ओरड झाल्यावर 2025 च्या जूनमध्ये निर्णय फिरवला गेला. 2025-26 साठी इंग्लंड आणि वेल्समध्ये पेन्शनच्या वयाच्या सगळ्यांना ते मिळतं आणि ज्यांचं करपात्र उत्पन्न वर्षाला 35,000 पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडूनच कराच्या वाटेने परत घेतलं जातं. तुमची पेन्शन वर्षाला 9,175 पौंडांच्या आसपास. एफडीचं व्याज त्यात मिळवलं तरी 35,000 कुठल्या कुठे राहतात. इथे सातबाऱ्याचा काडीचा संबंध नाही. ते पैसे तुमचे आहेत, बिनघोर खर्च करा. हे पैसे मिळवण्यासाठी ‘इथे क्लिक करून अर्ज करा’ असा मेसेज फोनवर आला तर तो सरळ पुसून टाका. बँकेचा तपशील मेसेजवर कोणतंही सरकारी खातं मागत नाही.

तुमचा खरा तोटा पेन्शन क्रेडिट न मागितल्यामुळे होतो आहे, आणि तोही दोनशे पौंडांच्या कितीतरी पट.

2025-26 च्या दराने एकट्या माणसाचं आठवड्याचं उत्पन्न 227.10 पौंडांपेक्षा कमी असेल तर उरलेला फरक सरकार भरून देतं. राहतं घर मोजत नाहीत. बचतीतले पहिले 10,000 पौंड सोडून देतात आणि त्यावरच्या दर 500 पौंडांमागे (शेवटचे अपुरे 500 धरून) आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं मानतात. एवढी बचत असेल तर अर्जच करू नका, अशी वरची मर्यादा इथे नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमधली (पेन्शनच्या वयाआधीच्या लोकांसाठीची सरकारी मदत) 16,000 ची मर्यादा लोक इथे लावतात आणि घरी बसून राहतात. भारतातली एफडी अर्थातच मोजली जाते. ती लपवायचा विचारही नको. दोन्ही देश बँक खात्यांची माहिती 2017 पासून एकमेकांना आपोआप कळवतात. जाणूनबुजून दडवलेली गोष्ट पुढे आली तर पैसे परत मागतात, आणि प्रकरण फसवणुकीपर्यंतही जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत तर लपवण्यासारखं काही नाहीच.

माहेरच्या घराविषयी पेन्शन क्रेडिटच्या 2002 च्या नियमांत एक सवलत आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. तुमचा वाटा असलेल्या घरात तुमचा जवळचा नातेवाईक स्वतःचं घर म्हणून राहत असेल आणि तो पेन्शनच्या वयाचा किंवा अपंग असेल, तर त्या घराची किंमत पूर्णपणे वगळतात. सख्खा भाऊ ‘जवळचा नातेवाईक’ या व्याख्येत स्पष्टपणे येतो आणि तुमचा भाऊ 71 चा आहे. घर सांगलीत आहे की लेस्टरमध्ये, याने फरक पडत नाही. (तिथे दीर राहत असते तर उत्तर वेगळं आलं असतं. मिस्टर हयात नसताना नवऱ्याचा भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून अर्जात नातं नेमकं लिहा.)

शेतीला ही सवलत नाही, ती मोजली जाईल. पण कशी, ते पाहा. तुमच्या हिश्श्याला तिथल्या बाजारात आज जी किंमत येईल ती धरतात आणि विक्रीखर्चाचे 10 टक्के वजा करतात. विक्रीचे पैसे भारतातून इकडे आणायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे तिथलाच भाव लागतो. मात्र न वाटलेला हिस्सा, वहिवाट भावाची, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला ग्राहक शेतकरीच हवा, आणि परदेशस्थ माणसाला वारसाने आलेली शेती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. असा हिस्सा कोण घेईल आणि कितीला? दोन एकरांच्या भावाचा सरळ अर्धा लिहून मोकळ्या होऊ नका. सरकारमान्य मूल्यांककाकडून ‘अविभक्त हिश्श्याची’ किंमत लेखी घ्या. सोबत सातबारा, आठ-अ आणि वारसनोंदीचा फेरफार, आणि तिन्हींचं इंग्रजी भाषांतर. भाऊ हे तलाठी कार्यालयातून आणून पाठवू शकेल.

समजा ती किंमत सहा लाख आली. 10 टक्के गेले की 5.40 लाख, आणि सोयीसाठी पौंडाला 120 रुपये धरले तर 4,500 पौंड. एफडीचे 7,500 आणि इथले 4,000 मिळून झाले 16,000. दहा हजारांवरच्या 6,000 मागे आठवड्याला 12 पौंड. 176.45 आणि 12 मिळून 188.45. म्हणजे तुम्हाला आठवड्याला 38.65 पौंड मिळायला हवेत, वर्षाला दोन हजारांवर. शेतीची किंमत दुप्पट, बारा लाख निघाली तरी आठवड्याला 29.65 उरतात. एफडीचं व्याज या हिशेबात वेगळं धरत नाहीत.

यामागून आणखी काय काय येतं तेही सांगते. वीजबिलात 150 पौंडांचं वॉर्म होम डिस्काउंट (2025-26 ची पात्रतेची तारीख उलटून गेली, पुढच्या हिवाळ्यापासून धरा). सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं तर दर वेळी 25 पौंड. कौन्सिल टॅक्स माफ. 75 च्या पुढे असल्यामुळे टीव्ही लायसन्स फुकट. दातांचे उपचारही फुकट.

तुमचा जानेवारीचा बेत मात्र यात अडचणीचा आहे. पेन्शन क्रेडिट चार आठवड्यांपर्यंतच्या तात्पुरत्या गैरहजेरीत चालू राहतं, तीन महिन्यांच्या नाही. स्टेट पेन्शनला याची झळ लागत नाही. जायचंच असेल तर जा, भावंडांना भेटायला दर वर्षी मिळतंच असं नाही. पण निघण्याआधी फोन करून तारखा कळवा आणि परत आल्यावर नव्याने अर्ज करा. न कळवता गेलात तर तेवढ्या आठवड्यांचे पैसे नंतर वसूल होतील.

पत्राच्या शेवटी (वर छापलेलं नाही) तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की गुडघ्यांमुळे वर्षभर अंघोळीला शेजारणीची मदत लागते. त्यासाठी अटेंडन्स अलाउन्स आहे, 2025-26 च्या दराने आठवड्याला 73.90 किंवा 110.40 पौंड, आणि त्यात उत्पन्न किंवा बचत पाहतच नाहीत. तो मंजूर झाला आणि तुम्ही घरात एकट्या राहत असलात, तर पेन्शन क्रेडिटची 227.10 ची पातळीच 82.90 ने वर जाते. फॉर्म भरताना ‘जमतं कसंबसं’ असं लिहायची आपल्या बायकांना सवय असते. तसं लिहू नका. सगळ्यात वाईट दिवस कसा जातो ते लिहा. एज यूके किंवा सिटिझन्स अॅडव्हाइस या सेवाभावी संस्थांची माणसं फॉर्म भरायला विनामूल्य मदत करतात.

पेन्शन क्रेडिटचा अर्ज 0800 99 1234 या फोनवर होतो, पैसे पडत नाहीत. इंग्रजीत अवघड वाटलं तर दुभाषा मागा. घर, शेती, एफडी, सगळं आपणहून सांगा आणि मूल्यांकनाचा कागद नंतर पाठवते म्हणा. त्यासाठी अर्ज थांबवू नका. तीन महिने मागचं द्या, हेही बोलून दाखवा. तेवढं मागे जाता येतं, त्यापलीकडे नाही. म्हणून उशिराचा प्रत्येक आठवडा कायमचा जातो. नकाराचं पत्र आलं, तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागा, आणि तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्युनलकडे अपील. नकारात माहेरच्या घराची किंमत धरलेली दिसली, तर ते पत्र मला पाठवा.