लेकीला दहावी द्यायचीय, पण बाळ कोण धरणार?

प्रश्न : आम्ही बीडकडचे, ऊसतोडीला जातो. पोरीला एकटी घरी कुठं ठेवायची म्हणून नववी झाल्यावर सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. आता तिला अठरा पूर्ण झालीत, बाळ नऊ महिन्यांचं आहे. ती म्हणते, दहावी द्यायचीच. हेडमास्तर म्हणतात, लेकुरवाळीला वर्गात कसं बसवू? जावई म्हणतो, दिवाळीनंतर कारखान्यावर जायचंय. काय करू?

ताई, लग्नाची घाई चुकलीच, कायद्यानंही आणि तिच्या जिवाच्या दृष्टीनंही. ते तुम्हाला कळलंय, म्हणून तर पत्र आलं.

हेडमास्तरांचं बोलणं मला मुळीच पटलेलं नाही. पण त्यांच्याशी भांडण्यात वर्ष घालवू नका. बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. लग्न झालेलीनं दहावीला बसू नये असा बोर्डाचा नियम नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल आणि तो त्याच शाळेतून आणायचाय, तेव्हा तिथं जरा गोडीनं घ्या. फॉर्मवर नाव दाखल्यावरचंच, माहेरचं. मुदत दिवाळीपर्यंत थांबेल अशा भरवशावर राहू नका, शाळेत आत्ताच विचारा.

खरी अडचण कागदाची नाही, हंगामाची आहे. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा ऊसतोड चालूच असते. पहाटे फडात गेलेली, अंगावर पिणारं लेकरू असलेली पोर कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पुस्तक कधी उघडणार? म्हणून जावयाला ‘हिला शिकू द्या’ एवढंच सांगू नका. तो हो म्हणेल आणि वेळ आली की गाडीत बसवेल. बोलायचं ते उचलीचं, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशाचं : नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, यंदा मुकादमाकडून अर्ध्या कोयत्याची, जावयाच्या एकट्याचीच उचल घ्या. घरात पैसा कमी येणार, हे आधीच मान्य करा आणि कुठं हात आखडायचा ते सगळ्यांनी बसून ठरवा.

आणि तुम्हीही फडात जाणार ना? मग बाळ कोण धरणार? दोन आज्यांपैकी एकीला यंदा गावात राहावं लागेल. बाळ सांभाळायला माणूस नसेल, तर बाकी सगळी तयारी फुकट.

पत्रात नसलेलं एक. एवढ्यात दुसऱ्यांदा दिवस गेले तर दहावी लांबणीवर पडलीच म्हणायची. आशाताईंशी बोला. दिवस राहू नयेत म्हणून असलेलं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तिला चालेल का, ते डॉक्टर सांगतील. आणि हे सासर तिला नकोच असेल, तर विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत लग्न रद्द करण्यासाठी तिला कोर्टात अर्ज करता येतो. एवढं तिच्या कानावर घाला. ठरवेल ती.

पेपर अकराला असतो. निघताना बाळाला पाजू द्या, मग खिचडी घेऊन तुम्ही केंद्राबाहेर बसा. दोन-तीन तासांत पान्हा फुटणारच, आत सुती कपड्याची घडी ठेवायला सांगा. आणि गणिताच्या धास्तीनं फॉर्म मागं ठेवू नका. एखादा विषय राहिलाच, तर त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते.