तीस वर्षांनी छातीत पाणी, कारण जुनी नोकरी?

प्रश्न: बाबा १९९० पर्यंत ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते, सिगरेट कधीच नाही. आता छातीत पाणी झालंय. एवढ्या वर्षांनी त्याचा संबंध असू शकतो का?

उत्तर: हो, असू शकतो, म्हणून डॉक्टरांना ही नोकरी आधी सांगा, कारण बरेचदा कोणी विचारतच नाही. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून आत जातात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत, तिथे सूज धुमसत राहते आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, २० ते ५० वर्षांनीही उगवतो. त्याचा सिगरेटशी संबंध नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र ॲस्बेस्टॉस आणि सिगरेट दोन्ही एकत्र आले की खूपच वाढतो. पण छातीतलं पाणी टीबीनेही होतं, त्यामुळे आत्ताच धीर सोडू नका. नुसत्या पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमा नजरेतून सुटू शकतो, आवरणाची बायोप्सी लागेल का ते विचाराच.

आणि आईचं काय? बाबांचे धुळीचे कपडे त्या धूत असतील तर त्यांनाही धोका आहे, त्यांचीही छाती तपासून घ्या. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलंय, त्या कारखान्याकडे लेखी मागा.